आम्रपालीबाईंचं नाक

जुनी नाणी जमवणाऱ्या माणसांचा मला मनापासून वीट आला आहे. त्यांच्याच जिवावर पोट भरत असताना मी हे म्हणते आहे, म्हणजे किती आला असेल बघा. पिंपळे सौदागरला एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर माझा गाळा आहे. बाहेरची पाटी अजून नवऱ्याच्या नावाची आहे. नाण्यांचं वेड मधुसूदनना होतं, मला नव्हतं. मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक होते. ते गेले, घरात नाण्यांचा ढीग उरला, आणि माझ्या हाताला बाटल्यांची सवय होती. ओळखीतला एकजण म्हणाला, "सुखदाताई, एवढी चार नाणी तेवढी साफ करून द्या," आणि मी हो म्हणाले. एकदा हो म्हटलं की माणसाची सुटका नसते.

नाणं साफ करणं म्हणजे ते चकचकीत करणं नव्हे, हे लोकांच्या गळी उतरवण्यात माझा अर्धा जन्म गेला. दिवाळी झाली की माझ्याकडे रीघ लागते. लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडायचे म्हणून घरातले जुने चांदीचे रुपये आदल्या दिवशी चिंच, मीठ, राख, रांगोळी, जे हाताला लागेल त्याने घासून काढलेले असतात. पूजा दणक्यात होते. मग कोणीतरी जाणता पाहुणा सांगतो की अहो, हे काय करून ठेवलंत, याची सगळी किंमत त्या काळपट झाकेत होती. की हे आलेच माझ्याकडे, "मॅडम, पहिल्यासारखं काळं करून मिळेल का?" सोललेल्या बटाट्याला साल चिकटवून मिळेल का, असं विचारल्यासारखं आहे हे.

मी वापरते ते अ‍ॅसिटोन. ते त्या झाकेला हात लावत नाही. ते फक्त उपरी घाण नेतं: बोटांचा तेलकटपणा, चिकटपट्टीचा डिंक, पूजेतलं तेल, आणि स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून नाण्यावर उतरतो तो हिरवा चिकट थर. काचेच्या वाटीत नाणं बुडवायचं आणि थांबायचं. मग दुसऱ्या वाटीत ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये विसळायचं, कडेला धरून उचलायचं, वाऱ्यावर सुकू द्यायचं. पुसायचं नाही. खिडकी उघडी पाहिजे, आसपास ज्योत नको. प्लॅस्टिकची वाटी तर मुळीच नको, ती विरघळून नाण्यालाच चिकटते. नेलपॉलिश काढायचं पाणी वापरणारेही महाभाग असतात. त्यात तेल असतं, रंग असतो, ते नाण्यावरच बसतं. एवढंच शास्त्र आहे. पण त्यातला 'थांबायचं' हा भाग कुणाला जमत नाही.

आम्रपालीबाईंना जमला, पण त्यांना तो जमायलाही वेळ लागला. ही गोष्ट त्यांची आहे, किंवा खरं तर त्यांच्या नाकाची आहे. त्यांना वास येत नव्हता. मुलीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं, आणि नातवंड हातात येईपर्यंत आपलं नाक परत यावं, एवढं एकच मागणं घेऊन ती बाई जगत होती. मला हे कळायला फार उशीर लागला.

त्यांना आमच्याकडे आणलं ते सोसायटीत पोळ्या करणाऱ्या मंजुषाने. "कुरुळीच्या आहेत, माझ्या नणंदेच्या आळीतल्या. हाताला चांगल्या आहेत," एवढी शिफारस. अंगाने किरकोळ, पंचेचाळिशीच्या आसपास, पदर घट्ट खोचलेला. बोटांची टोकं पांढरट आणि सुरकुतलेली, सतत पाण्यात राहिल्यासारखी. नवरा किसन कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. मुलगी करिष्मा देहूरोडला दिलेली. स्वतः बाई चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांचे सुटे भाग थिनरने पुसायच्या. पुढे मालकाने त्या कामाला मशीन आणलं आणि बायकांना घरी बसवलं.

मला वाटलं, बरं झालं, शिकवायला नको. पहिल्या दिवशी चाचणी म्हणून मी त्यांना तांब्याचा एक जुना पैसा दिला, सगळं समजावलं आणि फोन घ्यायला बाहेर गेले. परत आले तर पैसा नव्या कोऱ्या भांड्यासारखा झगझगत होता. बाईंच्या हातात पांढरं फडकं होतं आणि चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद.

"पुसलंत? मी काय सांगितलं होतं?"

"पुसलं न्हाई मॅडम, नुसतं फडकं फिरवलं. ह्ये बगा, पांढरं निघालं."

मी बरंच बोलले. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या कंपनीची रीत सांगितली. "तितं पार्ट झाला का न्हाई ते फडकं सांगायचं. पांढरं फडकं फिरवायचं. काळं निघालं की परत पुसायचं. पांढरं निघूस्तवर हात थांबवायचा न्हाई. सायेब यायचा त्यो पार्ट बगायचाच न्हाई, फडकं बगायचा."

"इथे फडकं नाही."

"मंग काय बगायचं?"

"काही बघायचं नाही. थांबायचं."

त्यांना ते पटेना. नाणं वाटीत पडलं आहे आणि आपण खुर्चीवर हात बांधून बसलो आहोत, याची त्यांना लाजच वाटायची. मी आत आले की त्या उगाच टेबल आवरायला घ्यायच्या. "असं बसायचा पगार घ्यायचा म्हंजी हराम वाटतंय," असं एकदा म्हणाल्या. पण हळूहळू त्यांचा हात बसला. नाणं उचलायची त्यांची तऱ्हा तर इतकी हलकी झाली की मी माझी स्वतःची कामंही त्यांच्यावर सोडायला लागले. एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. नाणं सुकलं की नाही हे बघायला त्या ते गालाजवळ न्यायच्या, टेकवायच्या नाहीत, नुसतं जवळ धरायच्या. गार लागेनासं झालं की सुकलं, असा त्यांचा हिशेब. मी आपली वासावरून ओळखायची. म्हटलं, असेल एकेकाची पद्धत.

करिष्माला दिवस गेल्याचं त्यांनी पेढे आणून सांगितलं. पेढा हातात ठेवताना त्या खुश होत्या आणि थकलेल्याही दिसत होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पोरगी त्यांच्याकडे यायची. "दोन खोल्या हायेत. व्हईल समदं," म्हणाल्या. मला वाटलं, जागेची काळजी आहे.

मग ती संध्याकाळ आली. मी दिवसभर बँकेच्या कामात पुण्यात होते, जीव नुसता आंबून गेला होता. दिवेलागणीला गाळ्यात पोचले. गाळ्यातल्या कोनाड्यात गणपती आहे, तिथे मी रोज निरांजन लावते. मधुसूदन लावायचे म्हणून मी लावते, त्यापलीकडे माझी भक्ती नाही. दार उघडलं आणि डोळ्यांत झोंबलं. नाकातून थेट कपाळात काहीतरी चढलं. खोली अ‍ॅसिटोनने भरली होती. टेबलाच्या मागे मोठी बाटली आडवी पडलेली, टोपण उघडं, फरशी ओली. पंखा चालू होता म्हणून की काय, खिडकी लोटून घेतलेली. आणि या सगळ्याच्या मध्ये आम्रपालीबाई पाठमोऱ्या बसून, एक नाणं गालाजवळ धरून, शांतपणे सुकायची वाट बघत होत्या.

माझ्या हातात काडेपेटी होती.

मी ती दाराबाहेर जिन्यात भिरकावली. आत शिरून खिडकी उघडली, बाईंना दंडाला धरून बाहेर काढलं आणि मग जिन्यातच त्यांच्यावर तोंड सोडलं. जळून कोळसा झाला असता दोघींचा, एवढी बाटली सांडली तर कळत नाही का, नाक आहे की नुसतं शोभेला लावलंय? हे शेवटचं मी बोलले तेव्हा त्यांनी खाली मान घातली.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या.

"काय नाही येत?"

"वास न्हाई येत मला. कसलाच."

खालच्या दुकानातून वडे तळल्याचा वास जिन्यात येत होता. मी तिथेच पायरीवर बसले. त्याही एक पायरी सोडून बसल्या.

घरी त्यांनी सांगितलं होतं की करोनात गेला. ते सोपं होतं, करोनात पुष्कळांचा गेला होता आणि पुष्कळांचा परत आला होता. खरं म्हणजे त्याच्या आधीपासूनच तो कमी होत चालला होता. वर्कशॉपमध्ये थिनरचं एक टेबल होतं. नव्या बायका आल्या की पहिल्या काही दिवसांत कुणाला मळमळायचं, कुणाचं डोकं धरायचं, कुणी पदर नाकाला लावून रडकुंडीला यायची. त्यांना दुसरीकडे पाठवायचे.

"जिला वासाचं काय वाटंना, तिला टेबलावर बशवायचे. मला काय वाटत नव्हतं. म्हून मी कायमची तितंच. सायेब म्हणायचा, आम्रपाली आपली पक्की हाय. मला तवा लई मान वाटायचा बगा."

"हातमोजे? मास्क?"

"मोजं द्यायचे की. पार्टला बोटं उठू न्हाई म्हून. ऑडिट आसलं की द्यायचे."

मीही त्यांना हातमोजे दिले होते, नाण्यावर बोटं उठू नयेत म्हणूनच दिले होते.

चाकणच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हे करोनाने झालं की थिनरने, ते आता सांगता येणार नाही. पण असल्या वाफांपासून लांब राहिलात तर कदाचित थोडा परत येईल. खात्री नाही, पण कदाचित. आणि ही बाई तिथून उठून माझ्या टेबलावर येऊन बसली होती. कारण काम तेवढंच येत होतं, आणि नाक गेल्याचं सांगितलं तर तेही जाईल ही भीती.

"पोरगी आता येनार माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "शेगडी पेटवायची, धुरी द्यायची, दूध नासलं का बगायचं. गॅस चालू ऱ्हायला तर? दूध ठिवलं की मी हलत न्हाई तितनं, कवा जळलं ते कळायचं न्हाई म्हून. बाळानं शी केली तरी मला फडकं उघडून बगाय लागंल." हे सांगताना त्या हसल्या. मग हसू थांबलं. "आन् बाळाच्या टाळूचा वास. करिष्माच्या टायमाला मी दिसभर नाक लावून बसायची, सासू वरडायची. त्येवडा तरी यावा बगा. बाकी जाऊं दे."

मला राग आला होता. तो नेमका कुणावर काढायचा हे ठरेना, म्हणून मी तो त्यांच्यावरच काढला. "उद्यापासून तुम्ही त्या टेबलावर बसायचं नाही," असं म्हणून टाकलं आणि घरी गेले.

त्यांनी त्याचा अर्थ काढला की काम गेलं. सकाळी गाळा उघडायला आले तर बाई जिन्यात उभ्या, हातात डबा. विचारायला आलेल्या, की महिना पुरा होईस्तोवर तरी येऊ का. मी म्हटलं, टेबलावर बसायचं नाही म्हणाले, गाळ्यात यायचं नाही असं नाही म्हणाले. त्यांना मी नाणी निवडायला, पाकिटात भरायला, गिऱ्हाइकांच्या पुड्या बांधायला बसवलं. वाट्या आणि बाटल्या मागच्या बाल्कनीत नेल्या, आणि दार लावून घेऊन ते काम मी स्वतः करायला लागले. माझ्या कंबरेचं पार खोबरं झालं. पण सांगते कुणाला?

त्यांना ते आवडलं नाही. पाकिटात नाणी भरणं हे त्यांच्या लेखी कामच नव्हतं. मी फोनवर असले की त्या बाल्कनीचं दार हळूच किलकिलं करायच्या. दिवाळीनंतरच्या गर्दीत एकदा माझी पाठ धरली, दोन दिवस मला वाकता येईना, आणि एक गिऱ्हाईक सारखं फोन करून डोकं खात होतं. दुपारी उठून बघते तर बाई बाल्कनीत वाटीपाशी.

"उठा."

"तुमचं काम अडलंय ताई. एवढी पाच-सात तर हायेत."

"उठा म्हणते ना."

"आता जाऊन जाऊन काय जायचं ऱ्हायलंय?"

"यायचं असेल ते येणार नाही."

त्या उठल्या. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा ताई म्हटलं, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

डॉक्टरांनी त्यांना नाकाचा एक व्यायाम सांगितला होता. लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाबाचं अत्तर, हे रोज सकाळ-संध्याकाळ एकेक करून हुंगायचं, आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. त्यांनी घरी ते कधी केलंच नव्हतं. घरात हुंगत बसलेली बाई बघून किसन काय म्हणाला असता? मग मी नाणी ठेवायच्या गोल डब्यांतल्या चार डब्या दिल्या आणि ते गाळ्यातच सुरू केलं. आल्या की डबा ठेवायच्या, हात धुवायच्या, माझ्यासमोर बसून डोळे मिटायच्या. लवंग. निलगिरी. मी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या लिहीत बसायची आणि मध्येच विचारायची, "काही?" त्या मान हलवायच्या. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. शेवटी शेवटी मी विचारायचंही सोडलं. रोज एकच उत्तर ऐकायला माणसाला उत्साह कुठून आणायचा?

करिष्मा सातव्यात माहेरी आली आणि त्यानंतर एका सकाळी बाई ओरडल्या, "आलं! ताई, आलं!" लवंगेची डबी त्यांनी नाकाला अशी दाबून धरली होती की नाकावर गोल वळ उठला होता. डोळ्यांत पाणी. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले, आणि पाठीने तक्रार केली तरी उठले.

पण माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेलेली. वास न येणाऱ्या नाकालाही लवंग नुसती झोंबते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, डोळे मिटा, मी देते. मी लवंगेची डबी पुढे केली. "येतंय," त्या म्हणाल्या. मग मी एक कोरी डबी घेतली, आत काहीही नसलेली, आणि ती धरली.

"येतंय," त्या म्हणाल्या. हसत होत्या.

मी डबी मिटली. "येईल, येईल हळूहळू," असं काहीतरी म्हणाले. त्यांनी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या डबीकडे बघितलं. मला तोंडावर काही लपवता येत नाही. त्या उठल्या आणि नाणी निवडायला बसल्या. दुपारी आम्ही दोघींनी डबा खाल्ला, त्यांनी आणलेलं बोंबलाचं कालवण मी चाखलं नाही म्हणून त्या मला हसल्या, आणि सकाळचा विषय कुणीच काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या डब्या उघडल्या गेल्या नाहीत. मी आठवण करून दिली नाही. मला ते पुन्हा बघवलं नसतं.

करिष्माला मुलगी झाली. बाई रजेवर गेल्या. मी एकटी गाळ्यात बसून नाणी बुडवत होते, आणि कधी नव्हे ते मला करमत नव्हतं. नामकरणाला किसन स्वतः बोलवायला आले. त्यांच्या हातात पत्रिका होती आणि पायांत घाई. "ताई, तुमी आलंच पायजे, आमची मंडळी सारखी तुमचंच नाव घेतीया," म्हणाले.

मोशीच्या पुढे वाहतूक अशी अडकली होती की रिक्षावाल्याने इंजिन बंद करून डुलकी काढली. कंटेनरच्या मागे कंटेनर. मी आत बसून त्या सगळ्या कंपन्यांना शिव्या घातल्या, त्याने कुणाचं काही वाकडं झालं नाही. कुरुळीत पोचेपर्यंत बुद्धवंदना होऊन गेली होती. दोन खोल्या माणसांनी भरलेल्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्त्या, पांढरी फुलं. आत्याने बाळाचं नाव 'पूर्वी' ठेवलं होतं. मला पाटावर बसवून जेवायला वाढलं, नको नको म्हणताना दुसरी पोळी वाढली. आम्रपालीबाई पांढऱ्या साडीत सगळीकडे धावत होत्या. शेगडीपाशी त्यांनी जाऊबाईंना बसवून ठेवलेलं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

माणसं पांगली. करिष्मा दमून आतल्या खोलीत झोपली. बाई बाळाला घेऊन माझ्यापाशी आल्या, दार लोटून घेतलं आणि खाली बसल्या.

"ताई, एक काम करा माजं. तुमचं नाक चांगलं हाय. हिच्या टाळूचा वास घ्या आन् मला सांगा."

आम्हाला मूल झालं नाही. तान्ही बाळं मी हातात घ्यायची टाळतच आले होते. पण त्यांनी पूर्वीला माझ्या मांडीवर ठेवलंसुद्धा. मी वाकले.

"तेलाचा येतोय. खोबरेल."

"त्ये मी चोळलंया सकाळी. त्याच्या खालचा सांगा."

"वेखंडाचा. धुरीचा."

"त्यो बी माझाच. आजून खाली."

मी बाळाच्या डोक्यावर नाक टेकवलं आणि थांबले. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. टाळू माझ्या नाकाखाली हलके हलके उडत होती. किती वेळ गेला कळलं नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"दुधाचा आहे," मी म्हणाले. "पण नुसता दुधाचा नाही. ऊन-ऊन. थोडा गोडसर. भात शिजताना झाकण काढलं की येतो ना, तसा."

"भाताचा का पेजंचा?"

मी पुन्हा वाकले. मला चुकायचं नव्हतं.

"पेजेचा."

"व्हय," त्या म्हणाल्या. "व्हय, व्हय. करिष्माचा बी पेजंचाच व्हता." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "कुटं येतोय? नेमका कुटं?"

"इथे. टाळूच्या जरा मागे, भोवऱ्यापाशी."

त्यांनी बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतलं, मी दाखवलेल्या जागी नाक टेकवलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.